दृढीकरणाचे वय आणि बिशपांची वाट

वसईच्या कोणत्याही धर्मग्रामात रविवारच्या मिस्साबलिदानानंतर धर्मशिक्षणाचे जे वर्ग भरतात, त्यांत दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींचा वर्ग आज इतका रूढ होऊन बसला आहे की, ही व्यवस्था प्रेषितांच्या काळापासून अव्याहत चालत आली असावी, निदान पोर्तुगीज पाद्र्यांनी तरी ती आपल्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरवली असावी, असा समज कोणी बाळगला तर त्यास दोष देता येत नाही. परंतु पोपांची आज्ञापत्रे, परिषदांचे ठराव आणि बिशपांच्या फेऱ्यांचे वृत्तान्त एकापुढे एक मांडले म्हणजे ध्यानात येते ते असे की, किशोरवयाशी या संस्काराची जी गाठ बसली आहे ती धर्मशास्त्राने हेतुपुरस्सर मारलेली नाही. रस्ते, समुद्र, पावसाळा, राजकीय सरहद्दी आणि बिशपांची दीर्घ अनुपस्थिती यांनी ती हळूहळू आवळत आणली आहे. आणि जी तयारी आज संस्काराचे निम्मे अंग मानली जाते, ती तर आजच्या स्वरूपात विसाव्या शतकाच्या पलीकडे फारशी मागे जातच नाही.

या संस्काराची पहिली हकीकतच मुळी एका प्रवासाची आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की, फिलिपाने शोमरोनातील लोकांस बाप्तिस्मा दिल्याची वार्ता यरुशलेमेस पोहोचली, तेव्हा तेथून पेत्र व योहान हे दोघे प्रेषित मुद्दाम त्या प्रांतात गेले आणि त्यांनी त्या नवख्या श्रद्धावंतांवर हात ठेवले, आणि मगच त्यांस पवित्र आत्म्याचा लाभ झाला. पाण्याचा संस्कार जागच्या जागी उरकला, हस्तस्पर्शाचा मात्र दुरून येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी खोळंबून राहिला. पुढील एकोणीस शतकांचा गुंता या एका प्रसंगात बीजरूपाने पडलेला आहे.

आरंभीच्या शतकांत हे खोळंबणे फारसे जाणवत नसे. नगर लहान, समुदाय त्याहून लहान आणि बिशप त्या नगरातच राहणारा, अशा स्थितीत ईस्टरच्या आदल्या रात्री दीक्षार्थी पाण्यात उतरे, वर आला की त्याला तेलाचा अभ्यंग होई, बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवी आणि पहाटेच्या आत तो इतरांसह पवित्र भोजनास बसे. स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तशरीर हे तिन्ही एकाच रात्रीचे तीन प्रहर होते. तयारी होती, आणि ती कडकही होती—हिप्पोलितस याच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात दीक्षार्थीने तीन वर्षे श्रवण करावे असे म्हटले आहे—परंतु ती प्रौढांची असे आणि पाण्यापूर्वीची असे. तेलासाठी वेगळी तयारी करावी, ही कल्पना त्या काळाच्या मनुष्यास कळलीही नसती.

पुढे धर्म राजमान्य झाला, खेड्यापाड्यांत पसरला, तान्ह्या मुलांस स्नानसंस्कार देण्याची रीत सार्वत्रिक झाली आणि प्रत्येक पाळण्यापाशी बिशपांनी हजर राहणे अशक्य झाले. येथे पूर्व आणि पश्चिम यांच्या वाटा फुटल्या. पूर्वेकडील चर्चने तेल पवित्र करण्याचा अधिकार श्रेष्ठींकडे ठेवला आणि ते लावण्याचा अधिकार गावच्या पुरोहितास दिला, म्हणजे बिशपांचा हात तेलाच्या रूपाने गावोगाव पाठवला. पश्चिमेने बिशपांनी स्वतःच आले पाहिजे असा आग्रह धरला. इ. स. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बियोचे बिशप देसेन्तियस यांना जे पत्र लिहिले, त्यात साध्या पुरोहिताने कपाळावर तेलाची खूण करू नये, तो अधिकार बिशपांचा आहे, असा स्पष्ट निर्वाळा आहे. हा निर्वाळा देताना एका मुलाच्या आयुष्यात पाणी आणि तेल यांमध्ये किती वर्षांचे अंतर पडेल, याचा हिशेब रोमने केला असेल असे वाटत नाही. बिशपांचा मान राखण्याचा तो निर्णय होता. वयाचा प्रश्न त्याच्या मागून, न बोलावता आला.

अंतर एकदा पडले म्हणजे त्याला अर्थ देणे ओघानेच येते. पाचव्या शतकात गॉलमधील रिएझचे बिशप फॉस्तस यांच्या नावे चालत आलेल्या पेंटेकॉस्टच्या एका प्रवचनात, स्नानसंस्काराने आपण जीवनासाठी जन्मतो आणि या दुसऱ्या संस्काराने संग्रामासाठी बळकट होतो, असा विचार मांडलेला आहे. ‘ख्रिस्ताचा सैनिक’ ही पुढील दीड हजार वर्षे मुलांच्या तोंडी बसलेली कल्पना याच मुळातून वाढली. व्यवहार मात्र या उदात्त कल्पनेपासून पुष्कळ दूर होता. मध्ययुगीन युरोपात बिशप वर्षानुवर्षे आपल्या मुलखात फिरकत नसत आणि फिरले तर वाटेवर आया आपली पोरे घेऊन उभ्या राहत. कित्येक बिशप घोड्यावरून न उतरताच त्या पोरांच्या कपाळांस तेल लावून पुढे जात. लिंकनचे बिशप संत ह्यू हे प्रत्येक वेळी घोड्यावरून खाली उतरून हा संस्कार देत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकाराने पुण्यकृत्य म्हणून नमूद करावी, यातच सर्वसाधारण शिरस्ता कोणता होता ते कळून येते. १२८१ मध्ये कॅंटरबरीचे आर्चबिशप पेकम यांनी लॅम्बेथच्या परिषदेत, दृढीकरण न झालेल्यास ख्रिस्तशरीर देऊ नये असा नियम घालून दिला तो याच ढिलाईला कंटाळून. ज्यांच्या दारी बिशप आयतेच असत, त्यांना मात्र वयाची अडचण कधी पडली नाही: इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला १५३३ च्या सप्टेंबरात, अवघ्या तीन दिवसांची असताना, बाप्तिस्म्याच्या लगोलग दृढीकरणही मिळाले. राजकन्येला तिसऱ्या दिवशी आणि नांगरहाक्याच्या मुलाला जमेल तेव्हा, हाच त्या काळचा वयाचा नियम होता.

दृढीकरण देताना बिशप मुलाच्या गालावर मारीत ती प्रसिद्ध चापट याच मध्ययुगात विधीत शिरली. तेराव्या शतकाच्या अखेरीस मांदचे बिशप गियोम द्युराँ यांनी आपल्या विधिग्रंथात तिला स्थान दिले, आणि ख्रिस्तासाठी अवमान सोसण्याची ती तालीम आहे असे पुढे शिकवले जाऊ लागले. बिशपांचा हात किती जड आहे याविषयी मोठ्या मुलांनी लहानांस भिववावे, ही गंमत मात्र कोणत्याही विधिग्रंथात न सापडणारी, तरी त्या ग्रंथांइतकीच चिवट ठरली.

सोळाव्या शतकात किशोरवय प्रथमच चर्चेत आले, आणि ते आणले विरोधकांनी. इरॅस्मसने १५२२ मध्ये असे सुचवले की, तान्हेपणी बाप्तिस्मा घेतलेल्या मुलांनी वयात येताना धर्माचे नीट शिक्षण घ्यावे आणि बाप्तिस्म्याची वचने आपल्या तोंडाने, सर्वांसमक्ष पुन्हा उच्चारावीत. पॅरिसच्या धर्मपंडितांनी या सूचनेवर ठपका ठेवला. मार्टिन बुट्सर याने हेस्सेच्या प्रॉटेस्टंट मंडळींसाठी १५३९ मध्ये जवळजवळ हीच व्यवस्था प्रत्यक्षात आणली, आणि इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने धर्मप्रश्नोत्तरी तोंडपाठ असल्यावाचून दृढीकरण नाही असा दंडक घातला. कॅल्व्हिनचे म्हणणे तर असे होते की, प्राचीन काळी दृढीकरण म्हणजे कुमारवयीनांनी आपल्या श्रद्धेचा जबाब देणे, एवढेच होते. तेल ही मागाहूनची भर. यावर त्रेंत येथील परिषदेने ३ मार्च १५४७ रोजी उत्तर दिले ते बहिष्काराचे: हा खरा संस्कार नसून पूर्वी तो केवळ वयात येणाऱ्यांच्या धर्मशिक्षणाचा एक प्रकार होता, असे जो म्हणेल तो बहिष्कृत असो. शिक्षण नको, असे परिषदेने कोठेही म्हटले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण शिक्षण म्हणजेच संस्कार, ही समजूत तिने दारातच अडवली. १५६६ च्या रोमन प्रश्नोत्तरीने वयाविषयी जो सल्ला दिला तोही मोजका आहे: बुद्धीचा उदय होण्यापूर्वी हा संस्कार देणे इष्ट नाही, बाराव्या वर्षापर्यंत थांबण्याचे कारण नसले तरी सातव्यापर्यंत थांबावे. चौदा-पंधरा हा आकडा या साऱ्या वादंगात अधिकृत कॅथलिक बाजूने कोणी उच्चारलेला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसईचा मुलूख तहनाम्याने पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि त्याच वर्षी पोपच्या आज्ञापत्राने गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, ज्याची कागदोपत्री हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत होती. या अफाट मुलखाचे पहिले निवासी बिशप जुआंव दे आल्बुकेर्क हे फ्रान्सिस्कन साधू १५३८ मध्ये गोव्यास पोहोचले. म्हणजे उत्तर कोकणात फ्रान्सिस्कन आणि पुढे जेजुइट पाद्री गावेच्या गावे ख्रिस्ती करीत असता—त्यांत उपदेशाचा भाग किती, सवलतींचा किती आणि सत्तेच्या दडपणाचा किती, याची विभागणी प्रामाणिक इतिहासकारासही सोपी नाही—कपाळावर तेल लावण्याचा अधिकार असलेला पुरुष या साऱ्या पूर्वेत मिळून एकच होता, आणि तो मांडवीच्या काठी राहत होता. १५५७ मध्ये गोव्याचा दर्जा वाढून कोचीन व मलाक्का हे धर्मप्रांत वेगळे झाले, तरी वसई, साष्टी, ठाणे, दमण हा ‘उत्तरेचा प्रांत’ गोव्याकडेच राहिला.

धर्मोपदेशाची हयगय झाली असे मात्र म्हणता येणार नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याच्या रस्त्यांतून हातात घंटा घेऊन मुलांना गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना, आज्ञा व श्रद्धासूत्र सुरावर घोकून घेई. चर्चला जोडलेल्या शाळांत अक्षरओळख, गायन आणि दोतोर्न, म्हणजे धर्मप्रश्नोत्तरी, ही एकाच बाकावर शिकवली जात. इंग्लंडातून आलेला जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये राचोल येथे आपले ‘क्रिस्तपुराण’ छापले, त्यामागचा एक हेतू हाच होता की, नवख्रिस्ती कुटुंबांच्या कानांवर ओवीच्या चालीत धर्मकथा पडाव्यात. त्याची कोकणीतील प्रश्नोत्तरी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. परंतु हे शिक्षण सर्वांसाठी, सदासर्वकाळ चाललेले असे. ते दृढीकरणाचे म्हणून वेगळे काढलेले नव्हते, आणि काढणार तरी कसे, जेव्हा बिशप कोणत्या वर्षी येतील हे कोणासच ठाऊक नसे! त्रेंतच्या परिषदेने बिशपांनी दर साल, निदान दर दोन सालांत, आपल्या संपूर्ण मुलखाची पाहणी करावी असा हुकूम काढला होता आणि ते न जमल्यास प्रतिनिधी पाठवण्याची मुभाही दिली होती. पण या मुभेत मोठी मेख होती. प्रतिनिधी येऊन चर्चचा हिशेब तपासू शके, पाद्र्याची वर्तणूक चौकशीस घेऊ शके, मोडकळीस आलेल्या भिंतीबद्दल ताकीद देऊ शके. पोपच्या खास परवानगीवाचून कपाळावर तेल मात्र लावू शकत नसे. शिवाय जून ते सप्टेंबर समुद्र बंद. बिशपांची फेरी सुकाळात एकदा घडली की गावातील कडेवरच्या मुलापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सर्वजण एकाच रांगेत उभे राहत, आणि वय ही बाब विचारात घेण्याची चैन कोणास परवडत नसे.

तेलाचीही एक कथा आहे. पुण्यगुरुवारी बिशप जे तेल पवित्र करतात ते ऑलिव्हचे, बाल्सम मिसळलेले असले पाहिजे असा नियम. आणि ऑलिव्हचे झाड कोकणात वाढत नाही. खोबरेलाने भरलेल्या या देशात कपाळापुरते तेल लिस्बनहून जहाजाने येई. १९७० च्या अखेरीस रोमने दुसऱ्या वनस्पतींचे तेल वापरण्यास अनुमती दिली, तेव्हा चार शतकांची ही तेलाची आयात निदान तत्त्वतः तरी अनावश्यक झाली.

मलबारात हा संस्कार वेगळ्याच रूपाने अवतरला. गोव्याचे आर्चबिशप आलेइशु दे मेनेझिस यांनी १५९९ मध्ये संत थोमाच्या ख्रिस्ती समाजाच्या गावांतून फेरी काढली, जूनमध्ये उदयंपेरूर येथे ती गाजलेली धर्मसभा भरवली, आणि या फेरीत जागोजाग लॅटिन पद्धतीने दृढीकरण दिले. त्या समाजाची परंपरा पूर्वेकडील सीरियन. बिशपांनी स्वतः येऊन वेगळ्या दिवशी वेगळा विधी करावा, ही गोष्ट तिच्यात नव्हती. काही ठिकाणी विरोध झाला, आणि तो व्हावा हे स्वाभाविकच होते: पोर्तुगीज शिपायांच्या सोबतीने आलेला परका धर्माधिकारी आपल्या कपाळावर खूण करतो आणि वर गालावर चापट मारतो, याचा अर्थ त्या अभिमानी लोकांनी आशीर्वाद असा लावला नाही, तर त्यांना दोष कोण देईल?

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपीय पाद्री बहुतांशी निघून गेले, मठ ओस पडले, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेची काळजी गोमंतकीय पाद्र्यांच्या अंगावर पडली, जी त्यांनी हलाखीत आणि फारशा कौतुकाविना वाहिली. स्नानसंस्कार, विवाह, अंत्यविधी हे सर्व त्यांच्या हातून यथास्थित होई; दृढीकरण तेवढे सरहद्दीपलीकडे राहिले, कारण आर्चबिशप पोर्तुगीज अंमलात आणि त्यांची लेकरे पेशव्यांच्या अंमलात. मुंबई बेटावर तर आणखी निराळाच घोळ होता: इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांस बेटाबाहेर काढून कार्मेलाईट मिशनऱ्यांस आणले, पुढे १७८९ मध्ये चर्चे गोव्यास परत दिली, आणि १७९४ मध्ये ती दोन्ही पक्षांत वाटून टाकली. पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार मानणारे ‘पाद्रोआदो’ आणि रोमच्या थेट अंमलातील ‘प्रोपागांदा’ अशी ही दुफळी पुढे शतकभराहून अधिक टिकली, आणि एकाच गल्लीतील दोन घरे दोन बिशपांची झाली.

या भांडणाची झळ दृढीकरणास इतर संस्कारांहून अधिक लागली. पुरोहिताच्या हातून होणारे संस्कार भांडण चालू असताही होत राहतात. बिशपांच्या हातून होणारे थांबतात. गोव्याचे आर्चबिशप सांव गाल्दिनु १८३१ मध्ये वारले. त्यांच्या जागी नेमलेले सांता रिता कार्व्हाल्यु यांना रोमची मान्यता वा अभिषेक मिळण्यापूर्वीच १८३९ मध्ये मृत्यू आला. अभिषिक्त आर्चबिशप सिल्वा तोर्रिश गोव्यास आले ते १८४४ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत जन्मलेल्या मुलाने गोव्याच्या गादीवरील अभिषिक्त आर्चबिशप पाहिलाच नव्हता. आणि या रिकाम्या काळाच्या मध्यावरच, १८३८ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला, जो हुकूम गोव्याच्या पाद्र्यांनी पोर्तुगालच्या राजसत्तेची मखलाशी नाही म्हणून मानला नाही. १८५३ मध्ये मकावचे बिशप जेरोनिमु दा माता यांनी मुंबईत येऊन, येथील प्रोपागांदाचे व्हिकर अपॉस्टॉलिक हार्टमन यांना न जुमानता, पाद्रोआदोच्या लोकांसाठी बिशपपदाची कर्मे केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हार्टमन यांनी माहीमचे चर्च विरुद्ध पक्षाच्या ताब्यात जाऊ नये म्हणून स्वतःस आत कोंडून घेतले आणि बाहेर जमावाचा वेढा पडला, हा प्रसंग मुंबईच्या इतिहासात पुष्कळदा सांगितला जातो. त्यामागील भूक फारशी सांगितली जात नाही. पोप नववे पायस यांनी मे महिन्यात दा माता यांच्या कृत्याचा निषेध केला. धर्मकायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेल; परंतु ज्या लोकांनी आपल्या बाजूचा बिशप वर्षानुवर्षे पाहिला नव्हता, त्यांनी वाटसरू बिशपाभोवती गर्दी करावी, यात बंडखोरीपेक्षा उपासमारच अधिक दिसते.

पुढची सुधारणा दोन बाजूंनी आली. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईस भिडला, आणि कित्येक दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यातील कराराने दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला, ज्याच्याकडे साष्टी, वसई आणि मुंबईतील पाद्रोआदोची चर्चे सोपवली गेली. वसईच्या ख्रिस्तीजनांस आपला म्हणावा असा जवळचा बिशप बहादुरशहाच्या तहनाम्यानंतर साडेतीनशे वर्षांनी लाभला. १९२८ मध्ये दमणचा धर्मप्रांत मोडून हा भाग मुंबईच्या आर्चबिशपांकडे आला आणि दुहेरी अंमल एकदाचा संपला. बिशप ठरल्या वर्षी येऊ लागले तेव्हाच मुलांस ठरल्या वयात बसवता येऊ लागले, आणि वर्ग भरवण्यास अर्थ आला.

नेमक्या याच सुमारास रोममध्ये वयाचे गणित हलले. पोप तेरावे लिओ यांनी १८९७ मध्ये मार्सेच्या बिशपांस लिहिलेल्या पत्रात, प्रथम ख्रिस्तशरीरापूर्वी दृढीकरण देण्याच्या जुन्या क्रमाची वाखाणणी केली होती. त्या काळी मुलांना ख्रिस्तशरीर दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत, क्वचित त्याहून उशिरा मिळे, आणि वयात येण्याचा खरा धार्मिक सोहळा तोच असे. दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्राने ख्रिस्तशरीराचे वय सातव्या वर्षाच्या आसपास आणून ठेवले. लहानग्यांवर हा मोठा उपकार झाला. परंतु दृढीकरण होते तेथेच उभे राहिले आणि क्रम उलटला. किशोरवयातील रिकामी झालेली जागा कोणीतरी घेणारच होते. ती या मागे राहिलेल्या संस्काराने घेतली. १९१७ च्या धर्मसंहितेने सुमारे सात वर्षे हेच योग्य वय म्हणून लिहून ठेवले होते, पण वहिवाट संहितेचे ऐकतेच असे नाही.

तयारीचा पायाही दहावे पायस यांनीच घातला. १९०५ च्या त्यांच्या परिपत्रकात प्रत्येक धर्मग्रामात वर्षभर दर रविवारी एक तास धर्मशिक्षण, आणि प्रायश्चित्त व दृढीकरण या संस्कारांपूर्वी मुलांस सलग काही दिवस विशेष पाठ द्यावेत, अशी आज्ञा आहे. ‘काही दिवस’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. त्यांचे महिने आणि मग वर्षे पुढील काळाने केली. जुन्या पद्धतीचे पाठ प्रश्नोत्तरांचे: पवित्र आत्म्याची सात दाने—प्रज्ञा, समज, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि ईश्वरभय—क्रमाने पाठ हवीत, कारण बिशप रांगेतील कोणासही उभे करून विचारतील. प्रत्येकामागे एक धर्मपिता किंवा धर्ममाता उभी राही आणि अभ्यंगाच्या क्षणी आपला उजवा हात मुलाच्या खांद्यावर ठेवी. जुन्या संहितेचा दंडक असा की, ही व्यक्ती बाप्तिस्म्याच्या वेळची नसावी. १९८३ च्या संहितेने तो बरोबर उलटा फिरवून, बाप्तिस्म्याचीच व्यक्ती असणे इष्ट ठरवले. दोन संहितांमध्ये सापडलेल्या कुटुंबांत यावरून रुसवेफुगवे झाले नसतील तर नवल!

दप्तराकडे मात्र सर्व राजवटींत सारखेच लक्ष राहिले. १६१४ च्या रोमन विधिसंग्रहाने प्रत्येक धर्मग्रामात पाच वह्या ठेवण्यास सांगितले होते—बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, कुटुंबवार गणती आणि मृत्यू—आणि पुढे अशीही तजवीज झाली की, दृढीकरणाची नोंद बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारीही चढवावी. या संस्काराने आत्म्यावर उमटणारी मुद्रा पुसता येत नाही आणि म्हणून तो दोनदा देता येत नाही, हे तत्त्व सांभाळण्याचे प्रत्यक्ष काम देवदूतांकडे नसून चर्चच्या कारकुनाकडे आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विधी सुधारण्याचा निर्णय १९६३ मध्ये घेतला आणि सहावे पॉल यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी नवा विधी जाहीर केला. चापट गेली, अभ्यंगाचे शब्द लॅटिन परंपरेचे न राहता बिझंटाइन परंपरेतून घेतले गेले, बिशपांस गरजेप्रमाणे इतर पुरोहित मदतीस घेण्याची सोय झाली, आणि विधी देशभाषेत, म्हणजे वसईत मराठीत, होऊ लागला. आणखी एक गोष्ट आली: अभ्यंगापूर्वी मुलांनी बाप्तिस्म्याची वचने आपल्या तोंडाने पुन्हा उच्चारावीत. इरॅस्मसवर पॅरिसने ठपका ठेवला होता तो याच सूचनेसाठी. साडेचारशे वर्षे फिरून ती रोमच्याच हस्ताक्षरात परत आली, आणि तिच्याबरोबर, थोड्या चोरपावलांनी, वर्षभराची तयारी, मनन-शिबिरे, बिशपांस स्वहस्ताक्षरात लिहायची पत्रे आणि धर्मगुरूंपुढील मुलाखतीही आल्या. त्रेंतच्या पित्यांनी हा वर्ग पाहिला असता तर त्यांच्या भुवया उंचावल्या असत्या, असे मला वाटते. कारण संस्काराच्या आधी येणारे शिक्षण इतके फुगले आहे की, मुले बिशपांच्या येण्याला परीक्षेचा निकाल समजतात आणि निकाल लागला की पुष्कळजण वर्गाचे तोंड पाहत नाहीत. तथापि ही टीका करणारानेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे: बागायतीच्या आणि लोकलच्या धबडग्यात वाढणाऱ्या वसईच्या मुलाला, तू स्वतः काय मानतोस, असा प्रश्न त्याच्या बोलीच्या जवळच्या भाषेत आणि उत्तराची वाट पाहून विचारण्याचा हा बहुधा एकच प्रसंग असतो. वय प्राचीन नाही म्हणून तो प्रश्न निरर्थक ठरत नाही.

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पापडीचे कृपामातेचे चर्च कॅथेड्रल बनले, आणि बिशपांची वाट आता सायकलीने तुडवता येण्याइतकी आखूड झाली आहे. इनोसंटांच्या निर्वाळ्याने पडलेले अंतर मिटवण्यास भौगोलिक अडचण अशी काही उरलेली नाही. तरी वय खाली येत नाही, कारण दरम्यान त्या वयाला स्वतःचा संसार थाटून मिळाला आहे. शेजारीच, १९८८ मध्ये मुंबई-पुण्याकडील सिरो-मलबार कुटुंबांसाठी स्थापन झालेल्या कल्याणच्या धर्मप्रांतात, पूर्वेची जुनी रीत पुन्हा रुजली आहे: पुरोहित तान्ह्या मुलाला पाणी आणि तेल एकाच वेळी देतो. मेनेझिस ज्यांच्या गावांत लॅटिन विधी घेऊन गेले होते, त्यांचेच हे वंशज. अशा घरातील एखादा मुलगा शाळासोबत्यांच्या नादाने वसईतल्या वर्गात येऊन बसला, तर फादर त्याच्या पाठांना हरकत घेत नाहीत. मात्र बिशपांपुढे ठेवायच्या यादीतून त्याचे नाव काढावे लागते, कारण त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, जन्मानंतर थोड्याच दिवसांच्या तारखेने, दृढीकरणाची नोंद आधीच झालेली असते.